एकाच तिकिटात राम आणि सीता

पालीहून खोपोली, कर्जत, नेरळ करत कल्याणच्या दिशेने निघालात की वांगणी लागतं. ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटाच्या चित्रीकरणाला आलेल्या मंडळींना इथल्या पाटलाने चक्क दरोडेखोर समजून अडकवलं होतं! दिग्दर्शक दादासाहेब फाळके अजून मुंबईतच होते, आणि पुढे पाठवलेल्या लोकांच्या हातात तलवारी, ढाली, भाले. सगळं लाकडी, पण लांबून कोणाला कळणार? ‘आम्ही सिनेमा काढतोय’ हे सांगून पाटलाला पटेना. अखेर फाळके आले, कॅमेरा दाखवला, फिल्म न घालताच एक प्रसंग घेऊन दाखवला, तेव्हा कुठे सुटका झाली.

या चित्रपटातली तारामती कोण? अण्णा साळुंके. ग्रँट रोडच्या उपाहारगृहात काम करणारा, महिना १० रुपये कमावणारा पोरगा. राणीच्या भूमिकेला बाई मिळेना. फाळके अगदी कोठ्यांपर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परतले. साळुंकेला त्यांनी १५ रुपये देऊ केले आणि तारामती मिळाली. तिच्या दासीही पुरुषच, त्यामुळे हौदातल्या स्नानाच्या प्रसंगात ओलेत्या साड्यांत सगळे बाप्येच! मिश्या उतरवायला मात्र मंडळी सहजी तयार नव्हती. वडील हयात असताना मिशी काढायची म्हणजे काय? ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लोकांनी ही राणी पाहिली.

त्याच वर्षी फाळक्यांना ‘मोहिनी भस्मासुर’साठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई मिळाल्या. हो, कमलाबाई म्हणजे अभिनेते विक्रम गोखलेंच्या आजी. तरीही १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये सीता साळुंकेच, आणि रामही साळुंकेच! एकाच चित्रपटात नायक-नायिका दोन्ही. लंकेतल्या सीतेचे दंड चांगलेच पिळदार दिसायचे म्हणतात. प्रेक्षकांचं काही बिघडलं नाही. राम आला की लोक चपला काढून हात जोडायचे. मद्रासेत गल्ल्याची नाणी पोलीस बंदोबस्तात बैलगाडीतून न्यावी लागली.

आज हे सगळं ऐकून हसू येतं. पुढे मुंबईच्या रणजित स्टुडिओत जाडे दीक्षित आणि बारके घोरी ही विनोदी जोडी गाजली, ‘भारताचे लॉरेल-हार्डी’ म्हणून. ते हसवायलाच आलेले. साळुंकेने हसवायचं मनातही आणलं नसणार, म्हणून तो मला जास्त आवडतो. काही वर्षांनी तो कॅमेऱ्यामागे गेला आणि कितीतरी मूकपटांचं छायाचित्रण त्याने केलं.