गडाचा हवालदार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वणीच्या उत्तरेस सातमाळेच्या रांगेत अचला, अहिवंत, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या आणि पलीकडे धोडप असे किल्ले ओळीने उभे आहेत. सतराव्या शतकात हा स्वराज्य आणि मोगली मुलूख यांमधील सरहद्दीचा प्रदेश होता; सुरतेहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांची मोगल सरदार दाऊदखानाशी लढाई 17 ऑक्टोबर 1670 रोजी याच भागात, कांचनबारीजवळ, झाली. असे गड सांभाळणाऱ्या हवालदाराविषयी ज्या समजुती रूढ आहेत, त्या त्याच्या शौर्याचा गौरव करतात, पण त्याच्या खऱ्या कर्तृत्वाला न्याय देत नाहीत.

गैरसमज : हवालदार हा गडाचा एकमुखी धनी होता.
वस्तुस्थिती : हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे एकाच प्रतीचे अधिकारी असून त्यांनी एकविचाराने कारभार करावा, अशी व्यवस्था सभासदाने आपल्या बखरीत वर्णिली आहे. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी व दफ्तर सबनिसाकडे आणि धान्य-दारूगोळ्याचा हिशेब कारखानिसाकडे असे. त्यामुळे एखादा शत्रूस मिळाला, तरी गड त्याच्या एकट्याच्या हाती राहत नसे.

गैरसमज : गड म्हणजे त्याची पिढीजाद जहागीर.
वस्तुस्थिती : शिवकालात वेतन रोख देण्याचे धोरण होते, आणि ठरावीक मुदतीनंतर अधिकाऱ्यांची बदली करावी, असे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र बजावते.  म्हणजे हवालदार हा सरकारातून नेमलेला, हिशेबास बांधलेला अंमलदार होता.

गैरसमज : त्याचे आयुष्य तलवार चालविण्यातच जाई.
वस्तुस्थिती : वेढा हा प्रसंग होता; नित्याचे काम निराळेच होते. पाणी पाहिल्यावाचून किल्ला बांधू नये, केरकचरा खाली न टाकता जाळावा आणि त्या राखेवर भाजीपाला करावा, इतक्या बारकाईने आज्ञापत्र गडाचा विचार करते. टाक्यांतील पाणी राखणे, सातमाळेच्या पावसात दारू कोरडी ठेवणे, कोठारांतील धान्य किडू न देणे आणि तिन्हीसांजेस दरवाजे बंद करून रात्रीची गस्त लावणे, यांतच त्याची खरी परीक्षा होती.

गैरसमज : गड एका वीराच्या बळावर लढत असे.
वस्तुस्थिती : कड्याखालच्या मेटांवर (पहाऱ्याच्या ठाण्यांवर) आणि गडाभोवतीच्या घेऱ्यात कोळी, महार, रामोशी अशा समाजांतील माणसे जागता पहारा ठेवीत, शत्रूची पहिली चाहूल त्यांनाच लागे. दिंडोरीजवळच्या रामसेजने 1682 पासून मोगलांचा वेढा वर्षानुवर्षे झुंजविला. लोखंडी तोफा नसताना गडकऱ्यांनी लाकडाच्या तोफा करून मारा केल्याचे मोगलांचाच इतिहासकार खाफीखान नमूद करतो. तो गड 1687 मध्ये मोगलांकडे गेला, तो हल्ल्याने नव्हे, तर द्रव्याच्या लालचीने.

तटबंदीपेक्षा माणसाचे मन फोडणे शत्रूस सोपे जाते, हे सरहद्दीवरच्या राज्यकर्त्यांनी पुरते ओळखले होते. किल्ली एकाकडे, दफ्तर दुसऱ्याकडे आणि कोठार तिसऱ्याकडे ही वाटणी त्या जाणिवेतूनच निघाली. म्हणून गडाचा इतिहास लिहिताना पराक्रमाइतकेच मोल या रोजच्या, निमूट आणि जबाबदार कारभाराला दिले पाहिजे.