‘रामवाडी’ या नांवाचीं अक्षरें किती?

पेण गांवीं गणपतीच्या मूर्ति कशा घडतात, हें रामवाडीच्या मुलांस आम्हीं सांगावयास नको. कसबी कारागीर मूळ मूर्ति एकदांच घडवितो. तिच्यावरून सांचा काढितात. मग ज्यांस ती मूळ मूर्ति घडवितां आली नसती, अशांच्या हातूनही तशाच मूर्ति निघूं लागतात. संगणकाच्या प्रोग्रॅमांची गोष्ट बरीचशी अशीच आहे. दोन तारखांमधील दिवस मोजणें, नांवें अकारविल्हे लावणें, रकमेंत स्वल्पविराम घालणें, हीं कामें बँकेच्या प्रोग्रॅमांत लागतात, शाळेच्या लागतात आणि एस्. टी.च्या तिकिटांच्याही लागतात. दर वेळीं तीं नव्यानें लिहीत बसण्यापेक्षां एकदांच नीट लिहून, प्रत्येकास नांव देऊन एके ठिकाणीं ठेवितात. अशा एकेका कामास मेथड म्हणतात व त्यांच्या संग्रहास लायब्ररी. एकाच धंद्यापुरती नव्हे, तर कोणासही उपयोगीं पडावी म्हणून रचिलेली जी लायब्ररी, तिच्याविषयीं आम्ही येथें लिहीत आहों. हल्लीं शाळेंतील मुलेंही प्रोग्रॅम लिहितात. तेव्हां पालकांसही हा विषय अगदींच परका वाटूं नये.

सांच्याची उपमा मात्र एका बाबतींत तोकडी पडते. सांचा उलटा करून आंत पाहतां येतो. मेथड वापरणारा बहुधा आंत डोकावत नाहीं. त्यास डोकावावें लागूं नये, हाच तर लायब्ररीचा हेतु. त्याच्या हातीं दोनच गोष्टी असतात: मेथडीचें नांव आणि तिच्यासोबत लिहिलेलें टिपण. केंब्रिज विद्यापीठांत १९४९ सालीं एड्सॅक नांवाचा संगणक चालूं झाला, तेव्हां मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर प्रभृतींनीं अशीं तयार कामें छिद्रें पाडलेल्या कागदी फितींवर सांठवून लायब्ररी उभारिली होती. त्या व्हीलरसाहेबांनीं १९५२ सालींच सांगून ठेविलें आहे कीं, काम लिहून व तपासून झालें तरी, आंतील रचना ठाऊक नसलेल्या मनुष्यास तें वापरतां येईल असें वर्णन लिहिणें उरतेंच; आणि कदाचित् तेंच सर्वांत अवघड. या म्हणण्याचा प्रत्यय घेण्यास केंब्रिजपर्यंत जाण्याचें कारण नाहीं.

समजा, एका लायब्ररींत ‘लांबी’ नांवाची मेथड आहे आणि आपण तिला ‘रामवाडी’ हा शब्द दिला. उत्तर काय यावें? बालवर्गांतील मूलही रा, म, वा, डी असें बोटांवर मोजून चार म्हणेल. पुष्कळ संगणक-भाषा मात्र सात म्हणतात. याचें कारण असें कीं, १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या चिन्हसंग्रहांत काना, मात्रा, वेलांटी यांस निरनिराळे क्रमांक दिलेले आहेत. म्हणून र, काना, म, व, काना, ड, वेलांटी अशीं सात चिन्हें होतात. सांठवणीची जागा मोजणारी मेथड तर २१ सांगेल, कारण यूटीएफ-८ या पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. तिन्ही उत्तरें खरीं आहेत. खोटें आहे तें ‘लांबी’ हें नांव; कशाची लांबी, हें तें सांगत नाहीं.

जोडाक्षर आलें म्हणजे गुंता वाढतो. ‘कुलकर्णी’ या आडनांवाचे बाइट २४, चिन्हें ८. अक्षरें मोजण्याचा युनिकोडचा जो नियम पूर्वीं होता, त्याप्रमाणें र् आणि णी हीं वेगळीं पडून पांच होत. २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तींत जोडाक्षर अखंड धरण्याचें ठरलें, तेव्हांपासून चार. म्हणजे मेथड तीच, शब्द तोच, आणि लायब्ररी नवी होतांच उत्तर बदलतें! हें टिपणांत लिहिलेलें नसेल तर वापरणाऱ्यानें कोठें शोधावें?

कोणी म्हणेल, एवढ्यानें काय बिघडतें? बिघडतें तें असें. दाखला छापणाऱ्या प्रोग्रॅमांत जागा सहाच अक्षरांची आहे म्हणून कोणीं ‘पहिलीं सहा घे’ अशी मेथड वापरिली, आणि ती अक्षरांऐवजीं चिन्हें मोजीत असली, तर चार अक्षरांचें कुलकर्णी हें नांव त्या जागेंत सहज मावत असूनही ‘कुलकर्’ एवढेंच छापलें जाईल. मेथडीनें आपलें काम चोख केलें, वापरणाऱ्यानेंही भरंवशानें केलें. आणि मुलगी मात्र मोडक्या नांवाचा कागद घेऊन पुढल्या शाळेच्या दारांत उभी.

म्हणून आमच्या मतें नांवें ‘बाइटसंख्या’, ‘चिन्हसंख्या’, ‘अक्षरसंख्या’ अशीं वेगवेगळीं असावीं. थोडीं लांब होतात खरीं, परंतु आखूड नांवाचा मोह फार महाग पडतो. आणि टिपण कसें असावें? असें: “अक्षरसंख्या. दिलेल्या मजकुरांतील अक्षरें मोजून पूर्णांक देते. काना-मात्रेसह अक्षर एक, जोडाक्षरही एक, दोन शब्दांतील मोकळी जागाही एक. नियम युनिकोड १५.१ प्रमाणें. रिकाम्या मजकुरास शून्य. मजकुराऐवजीं संख्या दिल्यास चूक कळवून थांबते. दिलेला मजकूर बदलत नाहीं. उदाहरण: ‘रोहा’ दिल्यास २.” यांत मेथड आंत कशी चालते याविषयीं एक शब्द नाहीं, आणि तो नकोच. उलट रिकामा मजकूर आला तर काय, चुकीची वस्तु आली तर काय, हीं कंटाळवाणीं वाक्यें गाळण्याकडे लिहिणाऱ्याचा कल असतो, व नेमकीं तींच लोक शोधीत येतात.

मर्यादा न लिहिल्याचा मोठा दाखला ४ जून १९९६ चा आहे. युरोपचें एरियन-५ हें अग्निबाण त्या दिवशीं प्रथमच उडालें आणि सुमारें ४० सेकंदांत फुटून नष्ट झालें. जुन्या एरियन-४ चा प्रोग्रॅम त्यांत तसाच घेतला होता. त्यांतील एक भाग मोठी संख्या १६ बिटांच्या लहान घरांत बसवीत असे. त्या घरांत ३२,७६७ च्या वरची संख्या मावत नाहीं. जुन्या बाणाची गति कमी असल्यानें तेवढी संख्या कधीं आली नव्हती, नव्याची आली. ती न मावल्यास कांहीं तजवीज ठेविली नव्हती, आणि न ठेवण्याचें कारण प्रोग्रॅमच्या मजकुरांत नमूद केलेलें चौकशींत आढळलें नाहीं.

याच्या उलट टोकाचें उदाहरण मार्च २०१६ चें आहे. ७ या क्रमांकाआधीं शून्यें घालून ००७ करावा, एवढ्याच कामाची ‘लेफ्ट-पॅड’ नांवाची ११ ओळींची मेथड तिच्या कर्त्यानें सार्वजनिक संग्रहांतून काढून घेतली, आणि तिजवर विसंबलेले जगभरचे हजारों प्रोग्रॅम तयार होईनात. कांहीं तासांत ती परत ठेवावी लागली. एकदां लोकांच्या हातीं दिलेली मेथड कर्त्याच्या एकट्याची राहत नाहीं, हें तेव्हां पुष्कळांस नव्यानें कळलें.

आतां जे विद्यार्थी प्रोग्रॅम लिहितात, त्यांच्यासाठीं एक काम. ‘गांव शोध’ अशी मेथड रचा. नांव द्यावें, तिनें जिल्हा सांगावा. ‘रामवाडी’ दिल्यास काय येईल? आपल्या पेणची रामवाडी आहे, तशी पुण्यासही आहे. तेथें तर २०२४ सालीं मेट्रोचें स्थानक झालें. तेव्हां उत्तर एक नसून यादी असावयास पाहिजे; एकच गांव सांपडलें तरी एका नांवाची यादी, आणि एकही न सांपडल्यास रिकामी. उत्तराचा आकार दर वेळीं बदलला कीं वापरणाऱ्याची त्रेधा उडते. ‘जिल्ह्याचें नांव’ अशी दुसरी मेथड केल्यास आणखी एक पेंच येईल. आपला जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता, मग रायगड झाला. आणि कुलाबा नांवाचा भाग मुंबईंतही आहे. आजोबांच्या जुन्या कागदावरील ‘कुलाबा’ तुमच्या मेथडीनें कसा वाचावा, हें आधीं टिपणांत लिहा. प्रोग्रॅम मागाहून लिहावा.