ड्रॅक्युला (१९३१ चित्रपट) : सलगतेतील त्रुटी

ड्रॅक्युला हा १९३१ साली प्रदर्शित झालेला, टॉड ब्राउनिंग दिग्दर्शित अमेरिकन भयपट आहे. युनिव्हर्सल या चित्रपटसंस्थेने त्याची निर्मिती केली. बेला लुगोसी यांनी साकारलेला काउंट ड्रॅक्युला पुढील अनेक दशके पडद्यावरील रक्तपिपासू पिशाच्चाचे प्रमाणरूप ठरला. भयपटांच्या इतिहासातील मैलाचा दगड मानल्या जाणाऱ्या या चित्रपटात सलगतेच्या अनेक त्रुटीही आढळतात. काही कथासूत्रे अर्धवट सुटतात, काही वस्तू व प्राणी विसंगत ठिकाणी दिसतात, तर काही दृश्ये उर्वरित चित्रणाशी मेळ खात नाहीत.

पार्श्वभूमी

चित्रपटाचे मूळ ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ साली प्रकाशित झालेल्या कादंबरीत असले, तरी पटकथेचा मोठा भाग हॅमिल्टन डीन आणि जॉन बॉल्डरस्टन यांच्या नाट्यरूपांतरावर बेतलेला आहे. १९२७ साली ब्रॉडवेवर सादर झालेल्या या नाटकात ड्रॅक्युलाची भूमिका लुगोसी यांनीच केली होती. चित्रीकरण १९३० च्या शरद ऋतूत झाले. छायाचित्रणाची जबाबदारी कार्ल फ्रॉइंड यांच्याकडे होती. त्या वेळी अमेरिकेत आर्थिक महामंदी सुरू झाली होती आणि बोलपटाचे तंत्रही अजून स्थिरावले नव्हते. जॉन हार्करची भूमिका करणारे डेव्हिड मॅनर्स यांनी नंतरच्या मुलाखतींत सांगितल्यानुसार, सेटवर प्रत्यक्ष दिग्दर्शन बहुतांशी फ्रॉइंड हेच करीत असत.

ल्युसीचे अपूर्ण कथासूत्र

चित्रपटातील सर्वांत ठळक त्रुटी ल्युसी या पात्राशी संबंधित आहे. ड्रॅक्युलाच्या दंशाने ल्युसीचा मृत्यू होतो. त्यानंतर ती स्वतः पिशाच्च होऊन लहान मुलांवर हल्ले करू लागते. वृत्तपत्रांत पांढऱ्या वेषातील स्त्रीच्या बातम्या येतात आणि मिनालाही ती दिसते. ल्युसीच्या आत्म्याला मुक्त करण्याचे आश्वासन प्रा. व्हॅन हेल्सिंग मिनाला देतात. परंतु यानंतर चित्रपटात ल्युसीचा उल्लेख येत नाही. अखेरीस ड्रॅक्युलाचा नाश होतो आणि मिना शापमुक्त होते. मात्र मुलांवर हल्ले करणाऱ्या ल्युसीचे काय झाले, हे प्रेक्षकाला कळत नाही. ड्रॅक्युलाच्या किल्ल्यातील तीन स्त्री-पिशाच्चांचीही हीच गत आहे. आरंभीच्या प्रसंगानंतर कथेला त्यांचा विसर पडतो.

विसंगत वस्तू व प्राणी

ट्रान्सिल्व्हेनियातील किल्ल्याच्या तळघरात शवपेट्यांच्या आसपास आर्माडिलो वावरताना दिसतात. अंगावर कवच असलेला हा सस्तन प्राणी केवळ अमेरिका खंडांत आढळतो. पूर्व युरोपात त्याचे अस्तित्व नाही.

शयनगृहातील एका दृश्यात दिव्याला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा स्पष्ट दिसतो. जवळून घेतलेल्या चित्रणात दिव्याची चमक कमी करण्यासाठी तो लावला असावा आणि दूरच्या चित्रणाच्या वेळी काढायचा राहिला असावा, असे सामान्यतः मानले जाते. दुसऱ्या मतानुसार रुग्णाच्या डोळ्यांवर प्रकाश पडू नये म्हणून तो कथेचाच भाग म्हणून ठेवला होता. हे मत ग्राह्य धरल्यास ती त्रुटी ठरत नाही.

जहाजाचे चित्रण

ड्रॅक्युलाला इंग्लंडला नेणाऱ्या व्हेस्टा या जहाजावरील वादळाची दृश्ये नव्याने चित्रित न करता मुख्यतः द स्टॉर्म ब्रेकर या १९२५ सालच्या मूकपटातून घेण्यात आली. मूकपटांचे चित्रीकरण बोलपटांच्या तुलनेत कमी वेगाने होत असे. त्यामुळे तेच चित्रण बोलपटाच्या वेगाने दाखविल्यावर खलाशांच्या हालचाली अनैसर्गिकरीत्या जलद भासतात आणि आधीच्या संथ दृश्यांशी त्यांचा मेळ बसत नाही.

हेतुपुरस्सर विसंगती

चित्रपटातील प्रत्येक विसंगती ही त्रुटी नव्हे. किल्ल्याच्या जिन्यावर कोळ्याचे भले मोठे जाळे पसरलेले असते. ड्रॅक्युला जाळ्याच्या पलीकडे पोहोचतो, तरी जाळे अभंगच राहते. मागून येणाऱ्या रेनफिल्डला मात्र ते काठीने तोडून वाट काढावी लागते. येथे सलगतेचा भंग हाच यजमानाच्या अमानुषतेचा पहिला पुरावा आहे. सिगारेटच्या पेटीतील आरशात ड्रॅक्युलाचे प्रतिबिंब न दिसणे हाही असाच योजलेला प्रसंग असून, त्यावरूनच व्हॅन हेल्सिंग त्याचे खरे स्वरूप ओळखतात. या दोन्ही प्रसंगांतील विसंगतीला कथेत पुढे अर्थ प्राप्त होतो. आर्माडिलो किंवा ल्युसीच्या बाबतीत तसे घडत नाही.

कारणे

चित्रपटाचा पूर्वार्ध दृश्यप्रधान आहे, तर उत्तरार्ध मुख्यतः डॉ. सिवर्ड यांच्या दिवाणखान्यात घडतो. रंगमंचाच्या मर्यादेमुळे नाटकात अनेक घटना पात्रांच्या तोंडून सांगितल्या जातात. चित्रपटाने हीच पद्धत बऱ्याच अंशी कायम ठेवली. हिरवळीवरून धावणारा लांडगा प्रेक्षकाला दिसत नाही. खिडकीतून पाहणारा हार्कर त्याचे केवळ वर्णन करतो. ड्रॅक्युलाचा अंतही पडद्याआड होतो. ज्या घटना दाखवायच्या नाहीत त्या संवादांतून सांगाव्या लागतात आणि तो संवाद गाळला गेला की कथासूत्र तेथेच तुटते. ल्युसीच्या बाबतीत नेमके हेच झाले.

नंतरच्या काटछाटीनेही यात भर घातली. मूळ चित्रपटाच्या शेवटी एडवर्ड व्हॅन स्लोन प्रेक्षकांना उद्देशून एक छोटे भाषण करीत असत. १९३६ च्या पुनर्प्रदर्शनाच्या वेळी ते काढून टाकण्यात आले. ड्रॅक्युलाचे मृत्युसमयीचे कण्हणेही तेव्हा वगळले गेले, ते पुढे पूर्ववत करण्यात आले. भाषण वगळल्यामुळे उपलब्ध आवृत्ती मिना व हार्कर जिना चढत असतानाच काहीशी अचानक संपते.

स्पॅनिश आवृत्तीशी तुलना

ध्वनिमुद्रणोत्तर भाषांतराचे तंत्र रूढ होण्यापूर्वी हॉलीवूडमध्ये एकाच चित्रपटाच्या निरनिराळ्या भाषांतील आवृत्त्या स्वतंत्रपणे चित्रित केल्या जात. ड्रॅक्युलाची स्पॅनिश आवृत्ती त्याच सेटवर रात्रीच्या वेळी चित्रित झाली. जॉर्ज मेलफोर्ड तिचे दिग्दर्शक होते. कार्लोस व्हिलारियास आणि लुपिता तोवार यांनी प्रमुख भूमिका केल्या. दिवसा झालेले इंग्रजी चित्रण पाहण्याची सोय असल्याने रात्रीच्या चमूला त्यात सुधारणा करता येत असे.

इंग्रजी आवृत्ती सुमारे ७५ मिनिटांची, तर स्पॅनिश आवृत्ती सुमारे १०४ मिनिटांची आहे. वाढीव वेळेत काही तुटलेली सूत्रे जोडली गेली आहेत. ल्युसीला (स्पॅनिश आवृत्तीत लुसिया) मुक्ती देऊन दफनभूमीतून परतणारे व्हॅन हेल्सिंग आणि हार्कर येथे दिसतात. त्यामुळे इंग्रजी आवृत्तीतील ही उणीव कथेच्या मूळ आराखड्यातील नसून चित्रीकरण व संकलनाच्या टप्प्यांवर निर्माण झाली, या मताला पुष्टी मिळते. मात्र लुगोसी यांच्या अभिनयाचा प्रभाव स्पॅनिश आवृत्तीत नाही, असे अनेक समीक्षकांचे मत आहे.

वारसा

या त्रुटींमुळे चित्रपटाच्या लोकप्रियतेला बाधा आली नाही. त्याच्या यशानंतर युनिव्हर्सलने त्याच वर्षी फ्रँकेन्स्टाइन प्रदर्शित केला आणि भयपटांची दीर्घ मालिका सुरू झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत २००० साली इंग्रजी आणि २०१५ साली स्पॅनिश आवृत्तीचा समावेश करण्यात आला. स्पॅनिश आवृत्तीचा प्रदीर्घ काळ अनुपलब्ध असलेला भाग क्युबातील चित्रपट संग्रहालयात सापडल्यानंतर १९९० च्या दशकात ती पुन्हा पूर्ण स्वरूपात उपलब्ध झाली. तेव्हापासून दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून पाहणे शक्य झाले असून, ल्युसीच्या कथेचा शेवट पाहू इच्छिणाऱ्या प्रेक्षकाला तो रात्री चित्रित झालेल्या आवृत्तीत सापडतो.