बोट गेलेल्या कामगाराचा उन्हाळा

पिंपरी-चिंचवडची ओळख सांगताना पुढारी आणि उद्योगपती दोघेही एकच शब्द वापरतात : उद्योगनगरी. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, साठच्या दशकात एमआयडीसी आली, टेल्को आणि बजाज आले, १९८२ मध्ये महापालिका झाली आणि पुढे चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. या नगरीत किती गाड्या तयार झाल्या याचा आकडा वर्तमानपत्रात ठळक टाइपात येतो. त्या गाड्यांचे पत्रे दाबताना किती कामगारांची बोटे गेली, याचा आकडा त्या पानावर कधी दिसत नाही. आणि बोट गेल्यावर तो कामगार घरी बसून दीड-दोन महिने कसे काढतो, हा तर कोणाच्या विचाराचाही विषय नाही. त्यातून ते महिने एप्रिल-मेचे असले म्हणजे काय होते, तेवढेच आज लिहायचे आहे.

ज्यांनी प्रेस शॉप पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. पॉवर प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारे यंत्र. खाली डाय, वर पंच. कामगाराने पत्र्याचा तुकडा हाताने डायमध्ये ठेवायचा, पायाने पेडल दाबायचे, पंच खाली येऊन वर जातो, तयार तुकडा काढायचा, दुसरा ठेवायचा. दिवसभरात हे हजारो वेळा. यंत्राची देखभाल नसली, क्लचची चावी किंवा स्प्रिंग झिजलेली असली, की पेडल न दाबताही पंच दुसऱ्यांदा खाली येतो. कामगार त्याला ‘डबल मारला’ म्हणतात. त्या वेळी हात डायमध्ये असला की संपले. यावर उपाय नाहीत असे नाही. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय न चालणारे प्रेस आहेत, हात आत असेल तर यंत्र थांबवणारे सेन्सर आहेत. पण बटणे आणि सेन्सर लावले की तासाचा नग कमी पडतो. मग एक बटण चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवले जाते, सेन्सर ‘बिघडला’ म्हणून काढून ठेवला जातो. हे मोठ्या कंपनीच्या गेटच्या आत सहसा घडत नाही. घडते ते तिला माल देणाऱ्याला माल देणाऱ्याच्या शेडमध्ये. भोसरी, तळवडे, चिखली, चाकणच्या आतल्या गल्ल्यांत. आणि त्या शेडमध्ये प्रेसवर उभा असतो तो लातूर, बीड, नांदेड, धाराशिवकडून आलेला कंत्राटी कामगार. आता त्याच्या जोडीला बिहार-उत्तर प्रदेशचाही. त्यांत आपली माणसे किती हे पाहायला कोणत्याही आयोगाची गरज नाही. शिफ्ट सुटल्यावर गेटवर उभे राहावे आणि ‘जयभीम’ला ‘जयभीम’ किती मिळतात ते मोजावे.

मीही त्यातलाच. गेल्या उन्हाळ्यात डाव्या हाताची तर्जनी अशाच एका शेडमध्ये ठेवून आलो आणि सात आठवडे घरी बसलो. त्या सात आठवड्यांत जे पाहिले ते केवळ माझे नाही, म्हणूनच ते सांगतो आहे.

आमची खोली पत्र्याची. सकाळी दहाला पत्रा तापायला लागतो तो रात्री अकरापर्यंत निवत नाही. एरवी दिवसभर माणूस कामावर असतो, त्यामुळे आपले घर दुपारी दोन वाजता कसे असते हे त्याला ठाऊकच नसते. ते बायकोला आणि पोरांना ठाऊक असते. पंखा गरम वारा फिरवतो. पट्टीच्या आत घाम साचतो आणि खाज सुटते. पट्टी ओली होऊ द्यायची नाही, जखमेत पू होईल, असे डॉक्टरांनी बजावलेले. मग आंघोळीला हाताला कॅरीबॅग बांधायची, वर रबर लावायचे आणि हात छतावरच्या पंख्याला कौल मागितल्यासारखा वर धरून बसायचे. शेजारच्या एकाच्या हाताला प्लास्टर होते. तो बायकोची विणायची सुई आत घालून खाजवत असे. सुईने आत जखम होते हे त्याला सांगून झाले. पण मे महिन्यातली खाज कोणाचे ऐकत नाही.

सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे जे बोट नाही तेच दुखते. रात्री त्याच्या शेंड्याला मुंग्या येतात, नखाखाली काहीतरी टोचल्यासारखे होते, आणि हात पुढे केला तर तिथे काही नसते. मला वाटले डोके फिरले. सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीण बाईंनी समजावले की मज्जातंतू कापला गेला तरी मेंदूतली त्या बोटाची जागा तशीच राहते, हे पुष्कळांना होते, हळूहळू कमी होते. कोणी सांगितलेच नाही तर माणूस हे बायकोलाही सांगत नाही. घाबरतो किंवा लिंबू उतरवायला जातो. वस्तीत दोन जण गेलेले मला माहीत आहेत.

पाण्याचा प्रश्न वेगळाच. २०१९ च्या नोव्हेंबरात शहरात दिवसाआड पाणी सुरू झाले. तात्पुरती म्हणून आलेली ही व्यवस्था वर्षानुवर्षे राहिली. सोसायटीला टँकर मागवता येतो, वस्तीला ड्रम भरून ठेवावे लागतात. पाण्याच्या दिवशी एका हाताने हंडा उचलता येतो, ओतता येत नाही. ओतायला दुसरा हात लागतो. बायको पहाटेच प्राधिकरणात धुण्याभांड्याला जाते, कारण मी घरी बसल्यावर तिने दोन घरे वाढवलेली. मग पाणी भरायचे कोणी? दहा वर्षांच्या मुलीने. शाळेला सुट्टी, मामाच्या गावाला जायचे तिचे ठरलेले होते, ते राहिले. कामगाराचे बोट तुटते तेव्हा घरातल्या बाईचे काम वाढते आणि मुलीची सुट्टी जाते. हा हिशेब कोणत्याही नुकसानभरपाईत धरला जात नाही.

दुपारी बसायचे कुठे, हाही प्रश्न आहे. घरात बसवत नाही. बागेला दुपारी कुलूप. मॉलमध्ये थंड हवा असते, पण हाताला मळकी पट्टी बांधलेला माणूस आत शिरला की रखवालदाराची नजर त्याच्यामागे फिरते. मी दोन-तीन दिवस मेट्रोच्या खांबाखाली सावलीत बसून पाहिले. शेवटी बुद्धविहार सापडले. फरशी थंड, दोन पंखे, चार वर्तमानपत्रे. तिथे दुपारी माझ्यासारखे आणखी तिघे निघाले. एकाचा अंगठा, एकाची दोन बोटे, एकाचा पाय. पायवाला चाकणला कामावर जाताना नाशिक रस्त्यावर ट्रकखाली येता येता वाचलेला. आम्ही चौघे जी चर्चा करत असू तिला माझ्या मते परिसंवादच म्हणायला हवे, फक्त हार-तुरे नव्हते.

त्या चर्चेत एक गोष्ट लक्षात आली. चौघांच्या चार शेडमध्ये एकच वाक्य बोलले गेले होते. ‘खर्च सगळा मी बघतो, फक्त केस करू नकोस.’ शेठ वाईट माणूस असतोच असे नाही. तो रिक्षा करून दवाखान्यात नेतो, बिल भरतो, हातावर वीस हजार ठेवतो. पण नेतो तो ओळखीच्या खासगी दवाखान्यात, आणि कागदावर लिहिले जाते : ‘घरी दारात हात सापडला.’ एका मित्राचे विमा कार्ड तर अपघात झाल्यावर काढले. ही एकट्या भोसरीची गोष्ट नाही. सेफ इन इंडिया ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतल्या जखमी कामगारांवर ‘क्रश्ड’ नावाने अहवाल काढते. गुडगाव-मानेसरच्या कामगारांबद्दल तिने हेच लिहिले आहे की, असंख्य कामगारांना विम्याचे कार्ड अपघातानंतरच हातात पडते.

आता वीस हजारांचा हिशेब करू. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यालाच एक तक्ता जोडलेला होता. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असे धरायचे. पूर्ण तर्जनी १४ टक्के, मधले बोट १२ टक्के, अनामिका किंवा करंगळी ७ टक्के, एका हाताची चारही बोटे ५० टक्के. कर्मचारी राज्य विमा योजनेत जखम भरून येईपर्यंत साधारण ९० टक्के मजुरी मिळते, आणि कायमचे अपंगत्व राहिले तर वैद्यकीय मंडळ ठरवील त्या टक्क्यांप्रमाणे जन्मभर रक्कम मिळते. रोजची मजुरी ५०० रुपये धरा. तिचे ९० टक्के म्हणजे ४५०. त्याचे १४ टक्के म्हणजे रोजचे ६३ रुपये, महिन्याला एकोणीसशेच्या आसपास, आणि हे मरेपर्यंत. शेठचे वीस हजार या हिशेबाने साडेदहा महिन्यांत संपतात. तीस वर्षांचा कामगार ‘शेठ देवमाणूस’ म्हणत घरी येतो तेव्हा त्याने उरलेल्या आयुष्याची रक्कम सोडून दिलेली असते. ६३ रुपयांत काय येते, असे कोणी विचारील. आमच्या घरात रोजचे दूध आणि भाजी येते.

शिवाय मजुरीच कागदावर कमी दाखवलेली असते, ओव्हरटाइम रोखीत. म्हणजे ४५० चेही ३०० होतात. दहा कामगार झाले की विमा लागू होतो म्हणून कित्येक शेडच्या रजिस्टरवर नऊच नावे कशी राहतात, ही कलाही शिकण्यासारखी आहे.

हा विमा कोणाच्या दयेतून आलेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. त्यांच्याच खात्याच्या काळात, १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. अडारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्यास सांगण्यात आले, १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला, आणि त्याच पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्तीही बाबासाहेबांच्याच प्रयत्नांची. आज राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना पुजतो, पण मजूर मंत्री बाबासाहेब आपल्या वस्तीतल्या किती जणांना माहीत आहेत? प्रेसवर उभ्या असलेल्या पोराला ते माहीत असते तर त्याने ‘केस करू नकोस’ला एवढ्या लवकर मान डोलावली नसती.

आणि काळ उलटा फिरतो आहे. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. ओव्हरटाइमचे पैसे मिळतील, संमती घेतली जाईल, असे सांगण्यात आले. कंत्राटी कामगाराची संमती कशी घेतात हे सांगायला नको. आमच्या विहारातल्या चौघांपैकी दोघांचा अपघात दहाव्या तासानंतरचा होता. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरपासून चार कामगार संहिता लागू झाल्या, १९२३ आणि १९४८ चे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. नव्या कायद्याचे कलम कोणते हे वकील सांगतील. कामगाराला ठाऊक हवे ते वेगळे आहे.

ते असे. कामाच्या ठिकाणी झालेल्या दुखापतीसाठी अमुक महिने हप्ता भरलेला असावा अशी अट नाही, पहिल्या दिवशी हात गेला तरी हक्क आहे. मालकाने हप्ता भरला नसेल तर महामंडळाने लाभ देऊन तो मालकाकडून वसूल करावा, अशी तरतूद १९४८ च्या कायद्यातच होती. कामावर जाता-येता झालेला अपघातही २०१० च्या दुरुस्तीने यात आला; आमच्या पायवाल्या मित्राला हे सातव्या आठवड्यात कळले. दवाखान्यात डॉक्टरांनी ‘कसे झाले’ विचारले की खरे सांगायचे आणि कागदावर काय लिहिले ते वाचून घ्यायचे. वाचता येत नसेल तर वाचणारा सोबत न्यायचा. पट्टीतल्या हाताचा, यंत्राचा, हजेरी कार्डाचा फोटो काढून ठेवायचा.

बरे झाल्यावर काय, हा शेवटचा प्रश्न. मी कामावर गेलो तर माझ्या प्रेसवर दुसरा मुलगा होता, अठरा-एकोणीस वर्षांचा. मला पॅकिंगला टाकले, रोज पन्नास रुपये कमी. रेशनच्या दुकानात यंत्रावर डावी तर्जनी ठेवायची सवय. आता दुकानदार म्हणतो, अंगठा उमटत नाही, उद्या या. दुसरे बोट चालते हे त्याला सांगावे लागते, आणि घासलेल्या हाताची दुसरी बोटेही लवकर उमटत नाहीत.

जयंतीच्या दिवसांत, एप्रिलच्या ऐन उन्हात, पिंपरीत बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी माणसांचा महासागर लोटतो. मंडळांचे स्टॉल लागतात. पाणी, सरबत, पुस्तके, सगळे असते आणि असावेच. त्यात एक टेबल विमा योजनेच्या अर्जांचे का नसावे? निवृत्त कारकून, युनियनमध्ये काम केलेली माणसे, कायदा शिकणारी मुले आपल्याकडे कमी नाहीत. आमच्या विहारात यंदा दर गुरुवारी असे टेबल लावायचे ठरले आहे. गुरुवारीच, कारण एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी असते. पहिल्या गुरुवारी पाच जण आले. त्यातला एक माझ्याच शेडमधला, तो अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा. हात शाबूत होता. विचारत होता, आपल्या नावाचे कार्ड निघाले आहे का ते कसे बघायचे.