ग्रंथातील शाळा, वहीतील शाळा

या स्मरणिकेसाठी आठवणी मागविताच अनेक माजी विद्यार्थ्यांनी कळविले, "आम्ही कुठे लेखक?" हा लेखनप्रपंच त्यांच्यासाठीच.

साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात बाबासाहेबांच्या प्रवेशाचा दिनांक 7 नोव्हेंबर 1900 असा आहे. वर्गात बसण्यासाठी घरून न्यावा लागणारा गोणपाटाचा तुकडा मात्र त्यात नाही. तो त्यांनी स्वतः लिहून ठेवला, म्हणून आपणांस कळला. शाळेचे दप्तर जे नोंदवीत नाही, ते शिकणाऱ्यानेच लिहावयाचे असते.

दया पवारांचे 'बलुतं' 1978 मध्ये, प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' 1979 मध्ये आणि कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' 1981 मध्ये प्रसिद्ध झाले. शाळा वर्गाच्या दाराबाहेरून कशी दिसते, हे अशा आत्मकथनांनी मराठी वाचकास दाखविले. तथापि ग्रंथ बहुधा शिकून स्थिरावलेल्या माणसाचा असतो. लेखक पुढे गेला, हे वाचकास आधीच ठाऊक असते. म्हणून प्रत्येक अपमान यशाची पायरी भासू लागतो.

शिकत असताना केलेल्या लेखनास हा दिलासा नसतो. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. आमचा धर्म कोणता, असा तिचा प्रश्न होता. त्याचे उत्तर मिळण्यास 14 ऑक्टोबर 1956 उजाडावा लागला.

ग्रंथ आणि वही यांत वैर मात्र नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' वर्षानुवर्षे घरच्यांच्या नजरेआड लिहिले. ते आधी 'स्त्री' मासिकातून व नंतर पुस्तकरूपाने आले. त्याच बेबीताईंनी निंबुरे येथे वंचित मुलांसाठी निवासी शाळाही उभारली.

आम्हांस खंत वेगळीच वाटते. स्मरणिकांत पदवी, नोकरी, कृतज्ञता भरपूर असते. भातलावणीसाठी घरी गेला आणि परतलाच नाही, त्या मुलाचे पान कोरे राहते. त्याच्या लेखी शाळा काय होती, हे जाणल्याविना आमचा इतिहास अर्धाच राहील.

तेव्हा लिहा. वसतिगृहातील पहिली रात्र, पहाटेची वंदना, आमच्याकडून झालेला अन्यायसुद्धा. शुद्धलेखनाची चिंता आम्हांवर सोपवा. आणि त्या न परतलेल्या सोबत्यास भेटून त्याचेही पान लिहून आणा.