मनातलं बोलायचं तर कुणाशी? १४४१६ ची माहिती



मीटिंगमध्ये बचत, हप्ता, व्याज सगळं बोलून होतं. रजिस्टरवर सह्या होतात. मग चपला घालता घालता एखादी ताई हळूच म्हणते, "रात्री झोपच लागत नाही गं." दुसरी म्हणते, "मला उगाचच रडू येतं." तिसरी म्हणते, "टेन्शन कुणाला नाही?" आणि सगळ्या घरी जातात. या विषयासाठी रजिस्टरमध्ये रकाना नाही, म्हणून या अंकात त्याबद्दल लिहिते आहे.

मनाचा त्रास आपल्याकडे बहुतेक वेळा अंगातून बोलतो. डोकं जड होतं, छातीत धडधडतं, भूक मरते, हातापायातलं बळ गेल्यासारखं वाटतं. आपण गोळी घेतो, नाहीतर दृष्ट काढतो. रक्त कमी असलं, थायरॉईड असलं तरी असंच होतं, त्यामुळे आधी उपकेंद्रात तपासून घ्या. पण रिपोर्ट चांगले आले आणि तरी दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास आहे, कशातच रस वाटत नाही, झोप उडाली आहे, तर तो मनाचा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. बाळंतपणानंतरही असं होतं. तेव्हा "एवढं गोजिरवाणं बाळ असून रडतेस काय" असं सुनेला म्हणू नका.

आता नंबर. १४४१६. हा सरकारचा टेलि-मानस नावाचा फोन आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला. रात्री-अपरात्री कधीही लागतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. साधा बटणाचा फोन चालतो, इंटरनेट लागत नाही. फोन लावला की आधी भाषा निवडायला सांगतात, मग समुपदेशक बोलतात. औषधाची गरज वाटली तर पुढे मानसोपचार डॉक्टरांशी जोडून देतात, किंवा जवळ कुठल्या सरकारी दवाखान्यात जायचं ते सांगतात.

"पण बोलायचं काय?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. सुरुवात कशीही करा. "मला महिनाभर झोप नाही" एवढं म्हटलं तरी पुढचं ते विचारतात. रडू आलं तर रडा, समोरची व्यक्ती थांबते. शुद्ध बोलायची तर अजिबात गरज नाही.

हे लोक तुमचा हप्ता भरणार नाहीत, नवऱ्याची दारू एका फोनमध्ये सोडवणार नाहीत, सासूबाईंना फोन करून समजही देणार नाहीत. मग उपयोग काय? समजा एका ताईवर तीन ठिकाणचं कर्ज आहे, नवरा पितो, मुलीची फी राहिली आहे. तिच्या डोक्यात हे सगळं एकाच वेळी फिरत असतं, गुंता झालेल्या दोऱ्यासारखं. समुपदेशक तिच्यासोबत बसून एकेक दोरा वेगळा करतात. यातलं आज काय करायचं, कशाला चार दिवस थांबता येतं, कुठली गोष्ट आपल्या हातातच नाही, कुणाला विश्वासात घ्यायचं. छाती धडधडायला लागली तर श्वास कसा घ्यायचा, हेही शिकवतात. एका फोनने हलकं वाटलं नाही तर पुन्हा लावा. दोन-तीनदा बोलल्यावर कुठे वाट सापडते.

कर्जाचं निघालंच आहे तर एक सांगून ठेवते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे मायक्रोफायनान्सच्या कर्जासाठी वसुलीवाल्यांना सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. धमकी आणि शिवीगाळ तर कधीच करता येत नाही. दारात येऊन कुणी वाटेल ते बोलत असेल तर ते ऐकून घेऊन रात्रभर जागू नका, गटात सांगा. हप्ता थकणं हा काही गुन्हा नाही.

खरी अडचण फोनचीच असते. तो नवऱ्याकडे किंवा पोराकडे असतो. घरात बोलायला आडोसा नाही. शेतात जाताना, दुपारी घर रिकामं असताना, मैत्रिणीच्या घरून, जिथून जमेल तिथून बोला. नंबर फोनमध्ये दिसायला नको असेल तर बोलून झाल्यावर यादीतून काढून टाका. "या नंबरवर परत फोन करू नका" किंवा "अमुक वेळेलाच करा" असं समुपदेशकांना सुरुवातीलाच सांगा. तुमचं बोलणं ते गुप्त ठेवतात. फोन मिळतच नसेल तर उपकेंद्रातल्या सीएचओ मॅडमना भेटा. ई-संजीवनीवरून त्या मोठ्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं करून देतात.

मारहाण होत असेल तर मात्र तो निव्वळ मनाच्या ताणाचा विषय नाही. "तू शांत रहा, समजून घे" हा सल्ला तिथे कुणीही दिला तरी घेऊ नका. १८१ हा महिलांसाठीचा नंबर आहे, जिवाला धोका असेल तर ११२. घरातल्या हिंसेविरुद्ध २००५ चा कायदा आहे आणि जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये राहण्याची, वकिलाची मदत मिळते.

मोबाईलवर "घरगुती समस्या, नवरा ऐकत नाही, १०० टक्के गॅरंटी" अशा जाहिराती येतात ना, त्यापासून लांब रहा. आधी गोड बोलतात, मग पूजेला पैसे मागतात, मग घरचं सगळं ऐकून घेऊन तेच वापरून घाबरवतात. १४४१६ वर कुणी पैसे, ओटीपी किंवा बँकेचा नंबर मागत नाही. मागितला तर समजा तुम्ही भलतीकडेच बोलताय.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. एखादी मैत्रीण "माझं संपलेलंच बरं" असं बोलायला लागली, तर "असं अभद्र बोलू नये" म्हणून तिला गप्प करू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचा आधार वाटतो. ती हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, तिच्याजवळ बसून १४४१६ लावा. घरातली फवारणीची औषधं, उंदराचं औषध त्याच दिवशी दुसरीकडे हलवा किंवा कुलूपात ठेवा. हे मी मुद्दाम लिहिते, कारण तो क्षण बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो आणि तेवढा वेळ हाताशी बाटली नसली तर माणूस वाचतो. कुणी औषध घेतलंच तर १०८ लावा. मिठाचं पाणी पाजून उलटी करायला लावू नका, आणि बाटली सोबत दवाखान्यात न्या. पोलीस केस होईल या भीतीने उशीर करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे असं पाऊल उचललेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरतात, तिला गुन्हेगार म्हणून शिक्षा करत नाहीत.

गटात कुणी काही सांगितलं तर ते नळावर, गिरणीत जाता कामा नये. हे पाळता येत नसेल तर गटात विचारूच नका, नुसता नंबर द्या. बचतीच्या पासबुकाच्या आतल्या पानावर सगळ्यांनी १४४१६ लिहून ठेवा.

ज्यांना फोन मिळत नाही त्यांनी प्रभागसंघाच्या मीटिंगच्या दिवशी अर्धा तास आधी या. कार्यालयाच्या मागच्या खोलीला आतून कडी आहे. माझ्या मोबाईलवरून नंबर लावून देते आणि मी बाहेर ओट्यावर बसते. कुणी विचारलंच तर फॉर्म भरतेय असं सांगू.