सहवेदना : दुसऱ्याच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवताना



‘सहानुभूती’ हा शब्द आपण सढळ हाताने वापरतो. शोकसभेच्या ठरावात तो असतो, पुढाऱ्यांच्या निवेदनात असतो. ‘सोबतीने अनुभवणे’ हा त्याचा मूळ अर्थ. परंतु वापरून वापरून तो इतका गुळगुळीत झाला आहे, की आता त्यात काठावरून व्यक्त केलेली कीवच अधिक उरली आहे. म्हणून मानसशास्त्राचे अभ्यासक ‘समानुभूती’ हा शब्द योजतात. दुसऱ्याच्या जागी उभे राहून त्याचे सुखदुःख आतून जाणणे, असा त्याचा आशय. शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनीच्या दाखल्यात यालाच ‘कळवळा’ म्हटले आहे. रस्त्यात पडलेला तो जखमी मनुष्य याजकालाही दिसला होता आणि लेव्यालाही. शोमरोनी मात्र त्याच्या जवळ गेला. (स्वतः याजक असल्यामुळे दाखल्यातील हा तपशील मला नेहमीच बोचतो.)

दिसणे आणि जवळ जाणे यांतील अंतर आपल्या पुणे शहराने १८९७ साली अनुभवले. मुंबईत १८९६ मध्ये सुरू झालेला प्लेग पुण्यात पसरला. सरकारने वॉल्टर रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली आणि मार्चमध्ये लष्कराकरवी घरोघरी झडत्या सुरू झाल्या. रुग्णाला वेगळे ठेवणे, त्याच्या संपर्कातील माणसांना छावणीत हलवणे, घर धुऊन काढणे हे उपाय त्या काळच्या वैद्यकशास्त्राला धरूनच होते. लोकांच्या धार्मिक रूढींचा मान राखावा, अशी कागदोपत्री सूचनाही होती. पण प्रत्यक्षात काय घडले? सैनिक बुटांसह स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले. स्त्रियांची तपासणी चारचौघांत झाल्याच्या तक्रारी आल्या. सामानसुमान जाळले गेले. त्या वर्षी पंडिता रमाबाईंनीही वृत्तपत्रात पत्र लिहून प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची होणारी परवड उघड केली. परिणाम असा झाला, की रोगापेक्षा झडतीचीच धास्ती वाढली आणि घरची माणसे रुग्णांना दडवून ठेवू लागली. जो उपाय रोग आवरण्यासाठी होता, त्याच्यापासूनच लोक रोग लपवू लागले. पुढे २२ जूनच्या रात्री रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या; तो इतिहास आपण जाणतोच.

त्याच मार्च महिन्यातील दुसरी घटना. सावित्रीबाई फुले तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. जोतीरावांच्या निधनाला सहा वर्षे उलटली होती. त्यांचे दत्तक पुत्र यशवंत हे डॉक्टर झाले होते. आश्रयासाठी फुले दांपत्याच्या दारी आलेल्या एका ब्राह्मण विधवेचे ते अपत्य. हडपसर परिसरातील माळावर यशवंतांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीत पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाई तेथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यांना रोगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सावित्रीबाईंनीही रुग्णाला घरातून हलवलेच. त्यांनी विज्ञान नाकारले नाही. रुग्णाला वेगळे ठेवणे सरकारलाही हवे होते आणि त्यांनाही. फरक होता तो हलवण्याच्या रीतीत. एकीकडे बंदोबस्तात नेणे होते, दुसरीकडे पाठीवर घेणे. समानुभूती म्हणजे शिस्त सैल करणे, असा समज पुष्कळांचा असतो. तो या उदाहरणापुढे टिकत नाही.

सव्वाशे वर्षांनंतरही प्रश्न तोच राहिला. महाराष्ट्रातील कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले. त्या दिवसांत सायंकाळी टाळ्या वाजवणाऱ्या एका सोसायटीने आपल्याच इमारतीतील परिचारिकेला लिफ्ट वापरू नका म्हणून सांगितले. त्याच इमारतीतील एक आजी रोज तिच्या दारापाशी डबा ठेवीत. पण त्याआधी फोन करून विचारीत, “बाई, आज तोंडाला चव आहे का? तिखट चालेल, की मऊ भात देऊ?” डबा देणारे त्या काळात पुष्कळ होते. चव विचारणारे थोडे.

आता थोडे माझ्याविषयी. काही वर्षांपूर्वी कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या एका धर्मबांधवाला भेटण्यास मी गेलो होतो. दुःखाचा अर्थ, ईश्वराची योजना, क्रुसाचे रहस्य यांवर मी बोलत राहिलो. गुरुकुलात शिकलेले सारे मला आठवत होते. तो डोळे मिटून ऐकत होता. मी थांबल्यावर तो क्षीण आवाजात म्हणाला, “फादर, ती खिडकी जरा उघडता का? सकाळपासून कोंदटल्यासारखं झालंय.”

मी उठून खिडकी उघडली. बाहेर शाळा सुटली होती. मुलांचा गलबला आत आला. त्याने मान त्या दिशेला वळवली. मी खुर्ची त्याच्या उशाशी ओढली आणि अंधार पडेपर्यंत आम्ही दोघेही काही बोललो नाही.